हंसाबाईच्या बलिया

नर्सच्या नोकरीत मी एकतीस वर्षं काढली, आणि रजिस्टर अपुरं ठेवल्याबद्दल एकदाही बोलणी खाल्ली नाहीत. याचा मला बरीच वर्षं तोरा होता. हंसाबाईनं तो उतरवला.

घाटंजीच्या पुढचा एक बंजारा तांडा माझ्याकडे होता. २००५-०६ सालची गोष्ट. त्या दिवसांत आमच्या जिल्ह्यात जो येई तो कापसाचं, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचं विचारायला येई. मी मात्र हंसाबाईच्या नवऱ्यासाठी, फुलचंदसाठी, दिवसाआड जायची. त्याला टीबी झाला होता. गोळ्या माझ्यासमोर गिळायच्या, असा नियम. नियम सरकारचा, पण पाळला हंसाबाईनं. गोळ्यांनी फुलचंदला मळमळे, तो तोंड फिरवी. ही पन्नाशीची बाई कापूस वेचायला निघण्याआधी पाण्याचा गडवा घेऊन त्याच्यापुढे उभी राही. "गिळा. आता तोंड उघडा. जीभ वर करा." मला हसू येई. माझ्यापेक्षा ती कडक.

मी निघाले की मात्र दर वेळी म्हणे, "शिष्टरबाई, माहं डोकं लय ठणकून राह्यलं. डोयापुढं अंधारी येते."

मी डोकेदुखीच्या दोन गोळ्या तिच्या हातावर ठेवायची. वर सांगायची, "उन्हात कमी जा." ऐन वेचणीच्या हंगामात! सांगायला माझं काय जात होतं?

त्या हिवाळ्यात तांड्यावर रक्तदाब तपासायचं शिबिर लागलं. हंसाबाई सगळ्यांच्या पुढे येऊन बसली. मी पट्टा हातात घेतला आणि अडले. तिच्या दोन्ही हातांत मनगटापासून पार दंडाच्या वरपर्यंत हाडाच्या पांढऱ्या बांगड्या होत्या. बलिया म्हणतात त्यांना. पट्टा बांधायला दोन बोटांचीही जागा नव्हती.

"वरच्या तेवढ्या काढ," मी म्हटलं.

बायकांमध्ये एकदम गलका झाला. नवरा गेल्यावरच बलिया उतरवतात. "काहून असं अभद्र बोलून राह्यल्या तुम्ही?" म्हातारी बिजलीबाई माझ्या अंगावरच आली. फुलचंद तिथेच ओट्यावर खोकत बसला होता. त्याच्याकडे मी पाहिलंसुद्धा नाही. पट्टा पायालाही बांधता येतो हे मला शिकवलं होतं, तेही आठवलं नाही. माझं डोकं फिरलं होतं. "राहू दे मग," मी म्हणाले. मागे साठ जणी ताटकळल्या होत्या. रकाना रिकामा दिसला असता तर वरून विचारणा आली असती. हंसाबाईच्या नावापुढे मी १२०/८० लिहिलं आणि पुढचीला बोलावलं.

फाल्गुनात फुलचंद बरा झाला. थुंकीत जंतू उरले नव्हते. हंसाबाईनं मला आग्रहानं लापशी वाढली. त्यानंतर पंधरा दिवसांत ती शेतात कापसाची वाळकी पऱ्हाटी उपटताना कोसळली.

यवतमाळच्या दवाखान्यात मी सोबत गेले. तिची उजवी बाजू लुळी पडली होती. डॉक्टर म्हणाले, सलाइनला हात मोकळा हवा, बांगड्या काढा. तिच्या जावेनं तिथेच गळा काढला. फुलचंदनं प्लास्टर कापायची करवत मागून घेतली. बायकोचा हात मांडीवर घेतला आणि एकेक बांगडी कापत गेला. "मी जिता आहो ना?" तो जावेला म्हणाला. "माह्याच नावाच्या आहेत, मीच काढतो." खालचं कातडं पांढरंफटक होतं. कितीतरी वर्षांत त्यावर ऊन पडलं नव्हतं. पट्टा बांधला. दोनशे तीसवर एकशे तीस.

हंसाबाई वाचली, पण उजवा हात गेला आणि वाचाही गेली. मी पुन्हा तांड्यावर जाऊ लागले, आता तिच्या गोळ्या घेऊन. गडवा धरून फुलचंद उभा राही. "गिळ. आता तोंड उघड."

एके दिवशी राहवेना, म्हणून त्याला सगळं सांगितलं. रजिस्टरचंही. तो शिव्या देईल, अशी माझी तयारी होती. शिव्या दिल्या असत्या तर फार बरं झालं असतं. हंसाबाई खाटेवरून आमच्याकडे बघत होती, तिला सगळं समजत होतं. फुलचंदनं गडवा खाली ठेवला.

"मी तं तिथंच बसलो होतो, शिष्टरबाई," तो म्हणाला. "मले काहून नाही इचारलं?"