लाल दोरा, पांढरा दोरा

आमचे हकीमसाहेब माणसाच्या तोंडाकडे कधी बघत नसत. बघत ते गुडघ्यांकडे. शेलूबाजारात त्यांचं जडीबुटीचं दुकान होतं. दुकानाच्या ओट्यावर बसून, मान वर न करता, रस्त्यानं जाणाऱ्याला ते हाक मारायचे, "काय बळीरामभाऊ, डावा अजून कुरकुरून राह्यला का?" तेच बळीरामभाऊ नवा फेटा बांधून समोर येऊन उभे राहिले की यांची पंचाईत व्हायची. एकदा पायात काटा मोडला म्हणून मी लंगडत गेलो, तर रोजच्या बसण्याउठण्यातल्या मला त्यांनी विचारलं, "कोणत्या गावचे तुमी?" गावानं त्यांचं नाव गुडघे-हकीम ठेवलं होतं आणि त्या नावाचा त्यांना राग नव्हता. "चेहरा खोटं बोलते, मास्तर," ते म्हणायचे. "गुडघ्याले ते जमत नाही."

मी तेव्हा तिथल्या शाळेत नवा मास्तर होतो. वऱ्हाडात गोऱ्या साहेबाचं राज्य होतं, माझं लग्न व्हायचं होतं आणि शाळा सुटल्यावर जायला हकीमसाहेबांच्या ओट्यासारखी दुसरी जागा नव्हती. दुकानात सुंठ, हिरडा, बेहडा, मुरडशेंगा असं सगळं होतं, पण लोक यायचे ते तेलासाठी. संधिवाताचं तेल. रिठदपासून, किन्हीराजापासून बैलबंड्या जुंपून लोक यायचे. ते तेल हकीमसाहेबांच्या वडिलांचं. वडिलांना सगळे बडे हकीम म्हणत. निर्गुडीचा पाला, रुईची पानं, सुंठ आणि एक पुडी, जिच्यात काय आहे ते बापलेकांशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं, हे सगळं तिळाच्या तेलात दोन दिवस मंद आचेवर उकळायचं. बडे हकीम आता दुकानामागच्या खोलीत खाटेवर असायचे. त्यांचेच गुडघे धरले होते, बोटं वाकडी झाली होती. रोज दिवेलागणीच्या आधी मुलगा आत जाई आणि वडिलांच्या पायांना त्यांचंच तेल चोळून देई. तेवढा वेळ दुकान बंद. कलेक्टर आला असता तरी ओट्यावर बसून राहिला असता.

गुडघ्यांच्या बाबतीत हकीमसाहेबांची स्वतःची एक वर्गवारी होती. दुखणारे गुडघे दोन जातीचे, असं ते सांगायचे. एक घासलेला आणि एक चिडलेला. घासलेला म्हाताऱ्याचा. तो दिवसभर चालून संध्याकाळी दुखतो. चिडलेला तरण्याताठ्या बाईलाही होतो. तो सकाळी उठतानाच आखडलेला असतो, हाताला गरम लागतो, आज गुडघ्यात तर उद्या मनगटात. "याच्यात झीज नाही, मास्तर. घरातलाच माणूस घरावर चिडला, असं काहीतरी हाय हे." मी हसायचो. आता माझी नात डॉक्टर आहे, अशाच सुजेच्या रोगांवर तिचं काम चालतं. तिनं मला मध्यंतरी समजावून सांगितलं की आबा, शरीराचंच सैन्य आपल्याच सांध्यांवर उलटतं, आणि नवी औषधं निघालीत ती त्या सैन्याला आवरणारी. मी म्हटलं, हे मला शेलूबाजारात एका ओट्यावर कळलं होतं. तिला वाटलं, आजोबांना आता भ्रम व्हायला लागला.

तर एक वर्षी बडे हकीम तापानं आजारी पडले. त्या धांदलीत तेल उकळायचं राहिलं आणि रिठदच्या एका शेतकऱ्याला हकीमसाहेबांनी चुकीच्या बरणीतलं, म्हणजे निव्वळ साधं तिळाचं तेल देऊन टाकलं. चूक लक्षात आली तेव्हा बंडी गेलेली. महिना दीड महिन्यानं तो शेतकरी टोपलीभर हुरडा घेऊन हजर. दुकानाच्या पायऱ्या त्यानं काठीशिवाय चढून दाखवल्या आणि पुन्हा उतरूनही दाखवल्या. "हकीमसाब, या खेपेचं तेल तर जहाल होतं बाप्पा! तेच द्या."

कोणी दुसरा असता तर हुरडा खाऊन गप्प बसला असता. हकीमसाहेबांची झोप उडाली. आठ दिवसांनी ते मला म्हणाले, "मास्तर, साध्या तेलानं माणूस बरा होते, तर मंग आमी बापलेक इतके वर्षं काय उकळून राह्यलो?" मी म्हटलं, एखाद्याला गुण आला असेल योगायोगानं. ते म्हणाले, "म्हणूनच पाह्यले पाह्यजे. पण अब्बाच्या कानावर जाऊ द्याचं नाही. जिंदगी घातली त्यायनं याच्यात. तेल खोटं निघालं अन् त्यायले समजलं, तर गुडघ्याचं राहू द्या, माणूसच मोडून जाईन."

पाहायचं कसं, हे त्यांनीच शोधून काढलं. साधं तेल आणि खरं तेल सारख्या बाटल्यांत भरायचं. एकीला लाल दोरा, दुसरीला पांढरा. बाटल्या मी भरायच्या, दोरे मी बांधायचे, आणि लाल कोणतं ते त्यांनासुद्धा सांगायचं नाही. "मले माहीत राह्यलं तर माझा हात बेइमानी करीन," ते म्हणाले. "आवडत्या बाटलीले जास्त जोर लावीन." साध्या तेलालाही औषधाचा वास यावा म्हणून दोन्ही तेलांत सारखा लसूण जाळला. मी शंका काढली की लसूणही औषधीच ना? तर म्हणाले, "मंग या गावात कोणाचाच गुडघा दुखाले नाही पाह्यजे. ठेच्यात काय घालते लोक?" लोकांची नाकं फसली, पण त्यांचं स्वतःचं नाक फसेना. मग त्यांनी अत्तराचे फाये केले. लोक फाया कानात ठेवतात, हकीमसाहेबांनी दोन्ही नाकपुड्यांत ठेवले. ते सगळे महिने ते गेंगाणे बोलायचे आणि त्यांना मोगऱ्याचा दरवळ यायचा. बाजारात बातमी पसरली की हकीमसाब दुसरं लगन करून राह्यले.

पहिला डाव साफ फसला. बाटल्या आम्ही लोकांना घरी दिल्या, इथंच चुकलो. किन्हीराजाच्या एका घरात दोन जावा होत्या, दोघींचेही गुडघे धरलेले. एकीला लाल बाटली गेली, एकीला पांढरी. महिन्यानं दोघी आल्या, दोघींना बरं वाटत होतं. हकीमसाहेबांनी उत्साहानं विचारलं, लालवालीले जास्त की पांढऱ्यावालीले? दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवटी थोरली म्हणाली, "आमी दोनी बाटल्या एका गडव्यात ओतल्या अन् वाटून घेतल्या. एकीले एक, दुसरीले दुसरं, असं आमच्या घरात चालत नाही." आणि वर हकीमसाहेबांनाच झापलं, "तुमी काहून भेदभाव करता? जावाजावांत लावून देता का?" हकीमसाहेब फाये घातलेल्या नाकानं नुसतेच फुरफुरले. दुसऱ्या एका गृहस्थानं सगळं तेल बैलाच्या खांद्याला लावलं होतं. खांदा छान झाला होता. दोरा कोणता होता म्हटलं, तर म्हणाला, "दोरा पोरीनं वेणीले बांधला."

तेव्हा दुसरा डाव ओट्यावरच मांडला. दहा-बारा माणसं निवडली, दोन्ही गुडघे सारखेच दुखणारी. दर बाजाराच्या दिवशी ती येत. हकीमसाहेब आपल्या हातानं एका गुडघ्याला लाल बाटलीतलं आणि दुसऱ्याला पांढऱ्या बाटलीतलं तेल चोळत. सारखा वेळ, सारखा जोर. चोळायच्या आधी सुतळीनं गुडघ्याचा घेर मोजत, तिथं गाठ मारत आणि सुतळी खुंटीला टांगत. लालची खुंटी वेगळी, पांढऱ्याची वेगळी. दिवाळीपासून होळीपर्यंत हे चाललं. बाजारकरू मुद्दाम बघायला थांबायचे. बळीरामभाऊंच्या डाव्या आणि उजव्या गुडघ्यावर हॉटेलात पैजा लागायला लागल्या. मला आजही नवल वाटतं ते त्या माणसाच्या हाताचं. लाल संपवून पांढऱ्याकडे वळताना तो हात जराही आळसावत नसे.

होळी झाल्यावर एका दुपारी त्यांनी खुंट्यांवरच्या सुतळ्या काढून सतरंजीवर ओळीनं मांडल्या. लालच्या शेजारी पांढरी, माणसामागून माणूस. सगळ्यांचीच सूज उतरली होती, गाठी सरकत आत आल्या होत्या. पण लालच्या जेवढ्या, तेवढ्याच पांढऱ्याच्या. कुठं गव्हाएवढा फरक, तोही कधी या बाजूला, कधी त्या. हकीमसाहेबांनी दोनदा तपासलं. मग नाकातले फाये काढून बाजूला ठेवले. लाल म्हणजे कोणतं, हे त्यांनी मला विचारलंच नाही. विचारायची गरजच उरली नव्हती.

मला फार वाईट वाटलं. मी म्हटलं, "हकीमसाहेब, यंदा थंडी कमी होती. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा करून बघू."

"मास्तर," ते म्हणाले, "पोरगं नापास झालं तर तुमी परीक्षाच बदलता का?"

पुढच्या बाजारी त्यांनी मागच्या खोलीचं दार घट्ट लावून घेतलं आणि ओट्यावर उभं राहून सगळ्यांना सांगून टाकलं. तेलात काही नाही. घरचं तिळाचं तेल घ्या, कोमट करा, रोज घडीभर चोळा, आणि स्वतः नाही, दुसऱ्या कोणी चोळून द्या. आता लोकांनी याबद्दल त्यांचं कौतुक करावं की नाही? कोणी विश्वासच ठेवला नाही. "हकीम तेल दाबून ठेवून राह्यला," असं बाजारभर झालं. एक म्हातारी तर ओट्यासमोर उभी राहून म्हणाली, "मोठ्या लोकायले देता अन् आमाले घरचं तेल चोळा म्हंता काय?" हकीमसाहेब हात जोडून तिला समजावत होते आणि ती त्यांच्या हाताकडे संशयानं बघत होती. गावच्या सुना मात्र माझ्यावर चिडल्या. विहिरीवर एकीनं मला ऐकवलं, "तुमी अन् हकीमसाब मिळून आमच्या मांगं सासूचे गुडघे लावले!" काही गिऱ्हाईक मंगरूळला दुसऱ्या जडीबुटीवाल्याकडे गेलं. हकीमसाहेब हिरडा-बेहडा विकत राहिले. बाजाराच्या दिवशी पूर्वीसारखेच ओट्यावर बसून येईल त्याचे गुडघे चोळायचे, तेही साध्या तेलानं.

एकच भांडं अजून चुलीवर चढत होतं. महिन्यातून एकदा, दोन दिवस, मंद आचेवर, निर्गुडी, रुई आणि त्या पुडीसकट. ते तेल फक्त आतल्या खोलीत जायचं. साऱ्या बाजाराला खरं सांगितलेला हा माणूस रोज संध्याकाळी आत जाऊन वडिलांशी गप्प राहून खोटं बोलत होता, आणि ते त्याला सोसत नव्हतं. त्याचं बसणं-बोलणं कमी झालं. मान आणखी खाली गेली.

पावसाळ्याच्या तोंडावर माझी बदली झाली. निघायच्या आदल्या दिवशी निरोप घ्यायला गेलो, तर हकीमसाहेब ओट्यावर उभेच होते. "बरं झालं आले. आत चला. आज अब्बाले सांगतो. एकट्यानं होत नाही माह्याच्यानं." मी नको नको म्हणत असताना त्यांनी मला हाताला धरून आत नेलं.

बडे हकीम भिंतीला टेकून बसले होते. पांढरी दाढी, वाकलेली बोटं मांडीवर ठेवलेली. मी होतो म्हणून बापलेक घरची उर्दू सोडून आमच्या बोलीतच बोलले. हकीमसाहेब खाटेच्या पायथ्याशी बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. रिठदचा शेतकरी, दोरे, सुतळ्या, सगळं. एवढी वर्षं गुडघ्यांकडे बघणारा माणूस त्या दिवशी पहिल्यांदा वडिलांच्या तोंडाकडे बघत बोलत होता. "अब्बा, तेलात काही नाही. साधं तेल तेवढंच काम करते. म्या सगळ्यायले सांगून टाकलं. तुमाले तेवढं सांगतलं नाही."

बाहेर बाजारातून बंड्या परत चालल्या होत्या. माझ्या मनात आलं, हे सगळं पाप आपलं. त्या बाटल्या आपण भरल्या.

मग बडे हकीम म्हणाले, "मलेबी शक होता."

हकीमसाहेब खाटेला धरून पुढं सरकले.

"तू पोटात होता तुह्या मायच्या, तवापासून. एका खेपेले पुडी टाकाची राह्यली होती माह्याच्यानं, तरी बाई बरी झाली. म्या कोणाले बोललो नाही. पाह्यची हिंमतच नाही झाली, बेटा." त्यांनी वाकड्या बोटांनी मुलाच्या डोक्यावरची टोपी सारखी केली. "तुही हिंमत झाली."

हकीमसाहेब रडत होते, मीही रडत होतो, लपवायचं काही कारण नव्हतं. तेवढ्यात म्हाताऱ्यानं अंगावरची चादर सारली आणि एक पाय मुलाच्या पुढ्यात लांब केला.

"चाल, लाव आता," ते म्हणाले. "साधंच लाव."