दुपारी दीडचा बॅकअप

हार्ड डिस्कमधून टिक टिक असा आवाज येत होता. माझ्या धंद्यात या आवाजाचा अर्थ एकच, आतली चकती खरवडली जातेय. मी कॉम्प्युटर बंद केला आणि मेश्राम सरांना म्हणालो, "ही गेली. पण घाबरू नका, बॅकअप आहे."

मी चंद्रपूरचा, छोट्या ऑफिसांचे कॉम्प्युटर सांभाळतो. मेश्राम सर आलापल्लीतल्या एका संस्थेचे प्रमुख. ही संस्था गावकऱ्यांचे वनहक्क दावे तयार करून देते. जंगलात पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन नावावर करायची तर पुरावा लागतो. कागद नसेल तर गावातल्या म्हाताऱ्या माणसाचा जबाब चालतो.

बाकावर सुमनबाई बसल्या होत्या. त्यांचा सगळा दावा रैनूबाबांवर उभा होता. बाबा गावातले सगळ्यात वयस्क. त्यांनी शेतात फिरून, काठीने दाखवत, सुमनबाईंच्या सासऱ्याची जमीन कुठून कुठपर्यंत होती ते गोंडीत सांगितलं होतं. त्याचा व्हिडिओ झाला. तो ऐकून जबाब कागदावर लिहायचा आणि बाबांचा अंगठा घ्यायचा, एवढं राहिलं. तेवढ्यात बाबा वारले. सुनावणी सोमवारी होती.

"भाऊ, बाबाचा इडिओ निघन ना?" सुमनबाईंनी विचारलं.

"निघेल हो बाई. त्याच्यासाठीच तर दुसरं मशीन ठेवलंय."

हे वाक्य मला अजून टोचतं.

ते दुसरं मशीन म्हणजे बॅकअप सर्व्हर. कामाच्या फायलींची रोज नक्कल करून ठेवायची, एवढंच त्याचं काम. जुना सर्व्हर रडतखडत चालायचा, म्हणून फेब्रुवारीत मीच नवा बसवला आणि सगळं त्यावर हलवलं. आता त्यातला फोल्डर उघडला. शेवटची फाईल मी मशीन बसवलं त्या दिवसाची होती. बाबांचा व्हिडिओ मार्चमधला.

आधी वाटलं, फोल्डर चुकला. सगळी डिस्क धुंडाळली. मग शेड्यूल उघडलं, म्हणजे बॅकअप किती वाजता सुरू व्हावा याची नोंद. वेळ रात्री अकराची. आणि पुढे रोजचा एकच शेरा, हुकला. अकरा वाजता मशीन चालूच नसायचं.

"संध्याकाळी हे बंद कोण करतं?"

शिपाई धर्माभाऊ पुढे आले. "मीच त करतो. घरी जाताना मेन स्विच पाडतो. इथी ईज लय पडते, साहेब. मागं एक डाव सगळेच डब्बे जळले. तवापासून असंच आहे."

मेश्राम सर भडकले. "धर्मा, नवीन मशीन बंद कराले तुले कोनं सांगतलं?"

"बंद करू नोको, असं बी कोनं सांगतलं नाई ना, सर."

खरंच होतं. जुन्या मशीनवर बॅकअपची वेळ दुपारी दीडची होती. माझ्या आधीच्या माणसाने ठेवलेली. मला ती अडाणीपणाची वाटली होती. भर दिवसा बॅकअप कोण घेतं? म्हणून माझ्या शहाणपणाने मी ती रात्रीची केली. त्यानंतर महिन्यातून एकदा चंद्रपूरहून ऑनलाइन बघायचो. हिरवी खूण दिसली की झालं. ती खूण शेवटच्या यशस्वी बॅकअपची होती, आणि शेजारची तारीख मी वाचतच नव्हतो.

"सर, धर्माभाऊंना बोलू नका. चूक माझी आहे," मी म्हणालो.

कॅमेऱ्याचं कार्ड केव्हाच पुसून दुसऱ्या गावासाठी वापरलं होतं. डिस्क घेऊन मी नागपूरला, बिघडलेल्या डिस्कमधून फायली काढून देणाऱ्यांकडे गेलो. तिथून शनिवारी फोन आला, चकतीवर ओरखडे आहेत, काही निघणार नाही.

सोमवारी सकाळी सुमनबाईंना मीच सांगितलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाई, जुनं माणूस दुसरं कोणी नाही का?"

"तेच एक होते, भाऊ. तुमीच त म्हनलं होतं, निघन म्हनून."

दावा 'पुरावा अपुरा' असा शेरा मारून परत आला. आता अपील केलंय. यंदाही सुमनबाईंनी त्याच जमिनीत धान लावलाय. जमीन अजून त्यांच्या नावावर नाही.

शेड्यूल मी पुन्हा दुपारी दीडवर आणलं. बॅकअप रोज बिनचूक होतो. जुनी सेटिंग विचित्र वाटली तर बदलण्याआधी विचारावं, ती अशी का ठेवलीय. दोन मिनिटांचं काम होतं. फेब्रुवारीत मी दीडची वेळ बदलून रात्रीची करत होतो तेव्हा धर्माभाऊ तिथेच स्टुलावर बसले होते.