मल्लूनं बदललेला शेवट

पेटीवाला पडद्याच्या कडेला बसतो. त्याला पिक्चर तिरका दिसतो, माणसं मात्र सरळ समोर! सोलापुरात मुक्या चित्रपटांना साथ करता करता माझ्याकडे असे किस्से साचत गेले. हसवायला म्हणून सांगायला घेतो आणि दर वेळी शेवटी रडका सूर लागतो. कारण सगळे किस्से फिरून मल्लूवरच येतात.

मल्लू म्हणजे मल्लप्पा. दिवसा गिरणीत साचा, म्हणजे कापडाचा माग, चालवायचा, संध्याकाळी आमच्या थिएटरात पडद्याशेजारी उभा राहून इंग्रजी पिक्चरची गोष्ट मराठीत आणि कन्नडमध्ये सांगायचा. त्याचा जीव जडला होता गिरिजावर, गिरणीच्या हेडक्लार्कच्या मुलीवर. तिचाही होता. जात एकच. आडवा आला तो साचा! हेडक्लार्कला साचेवाला जावई नको होता.

*

त्या वर्षी एक अमेरिकन पिक्चर तुफान चालला. कारखान्यातली पोरगी, तिच्यावर मरणारा फिटर आणि मोटारवाला शेठ. पोरगी शेठशी लग्न करते, बंगल्यात सुखात राहते. खेळ खलास.

मल्लूला हे सोसेना. शेवटी शेठ तिचा मुका घेतो, तिथं हा ओरडला, "ह्यो तिचा थोरला भाऊ! निरोप द्याया आलाय. पोरगी आता फिटरकडं निगाली बगा!"

पिटातून, पडद्यापुढच्या स्वस्तातल्या जागेतून, एक विणकर म्हणाला, "असला भाऊ कुटं असतो रं?"

"अमेरिकेत असतो की!"

टाळ्या पडल्या. तेव्हापासून प्रत्येक खेळाला हाच शेवट!

*

गिरिजासाठी मल्लूनं साचा सोडला आणि थिएटरातच पूर्णवेळ लागला. पहिल्याच दिवशी दुपारचा खेळ चालू असताना गिरणीचा भोंगा झाला. मल्लू वाक्य अर्धं टाकून दाराकडे चालू लागला! दारातून ओशाळून परत आला.

"साचा सोडला, ह्ये पायास्नी सांगायचं ऱ्हायलं!"

सगळं थिएटर हसलं. मला काही हसू आलं नाही.

*

मग मागणी घालायला गेला, थिएटरच्या मालकानं खेळापुरती दिलेली कोट-टोपी घालून. मी सोबत होतो. हेडक्लार्कनं त्याला खालीवर पाहिलं.

"कोट थिएटरचा, टोपी थिएटरची. साच्यावर होतास तेव्हा कामगार तरी होतास. आता कोण आहेस?"

मल्लूला दोन भाषा येत होत्या. त्यानं दोन्हीत नमस्कार केला आणि आम्ही निघालो.

*

त्याच हंगामात गिरिजाचं लग्न झालं. नवरा वकील, दाराशी मोटार. आणि आमच्याकडे बोलपटाचं मशीन आलं. मालक म्हणाला, "मल्लू, आता पडदाच बोलणार. तू घसा शेकत बस!"

हाही विनोदच होता म्हणे.

*

मुक्या पिक्चरचा शेवटचा खेळ. मालकानं तोच अमेरिकन पिक्चर लावला. बायकांची बाकं माझ्या पेटीला लागून, बांबूच्या चिकाच्या पडद्याआड. तिथं गिरिजा सासरच्या बायकांबरोबर येऊन बसली. मल्लूनंही पाहिलं.

शेठनं मुका घेतला. पिटातून गलका झाला, "भाऊ आला! भाऊ आला! सांग की मल्लू!"

मल्लूनं डोक्यावरची टोपी काढली. मग हळू आवाजात म्हणाला, "ह्यो तिचा नवरा हाय. बंगल्यात ती लई सुखात हाय."

तेच त्यानं कन्नडमध्ये सांगितलं. माझी बोटं पेटीवर थांबली.

चिकाच्या आडून एकच ओळखीचा आवाज आला.

"खोटं आहे!"