बाईंनी मला क्लासमधून का काढलं

नऊ वर्षं शिकवून बाईंनी मला एका वाक्यात घरी पाठवलं होतं.
"उद्यापासून येऊ नकोस. आता तुझं तू गा."

आज सकाळी बाई गेल्या.

इंदिरानगरला त्यांच्या घरी क्लास असायचा. मी मखमलाबादच्या आमच्या फुलांच्या मळ्यातून स्कूटीवर जायचे. त्या दिवशी विचारलं, "बाई, माझं काही चुकलं का?"
"ते आता तूच शोधायचं."

प्रचंड राग आला.
त्याच वर्षी एका स्पर्धेत पहिल्याच राउंडला बाहेर पडले. मग भेटेल त्याला सांगत सुटले, बाईंनी ऐन वेळी हात काढून घेतला. इथे फेसबुकवरही लिहिलं. नाव न घेता. पण कळायचं त्यांना कळलं. लाइक्सही भरपूर आले.

आणि गाणं सोडून दिलं.

दीडेक वर्षाने आई फुलं निवडता निवडता म्हणाली, "तुझा आवाज लय दिवस ऐकला नाय गं."

त्या दुपारी फोनमधलं क्लासचं जुनं रेकॉर्डिंग लावलं.
प्रत्येक सूर आधी बाईंचा. मी मागून नुसती टेकलेली.
त्या थांबल्या की माझा सूर उतरायचा. दर वेळी.
नऊ वर्षं मला हे ऐकूच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून फुलांच्या शेडमध्ये बसायला लागले. तानपुऱ्याचं ॲप लावायचं, गायचं, रेकॉर्ड करायचं, ऐकायचं, पुन्हा गायचं.
'वा' म्हणणारं कोणी नाही. 'चूक' म्हणणारंही नाही.
इतकं एकटं मला कधीच वाटलं नव्हतं. कधीकधी रडून घ्यायचे आणि परत सा लावायचे.

मागच्या वर्षी द्वारका चौकात बाईंची सून भेटली. मला टाळेल असं वाटलं होतं. तिनेच थांबवलं.
"आईंना तेव्हा ऐकू कमी यायला लागलं होतं गं. तुझा सूर लागला की नाही, तेच कळेना त्यांना. म्हणाल्या, मी चुकीच्याला बरोबर म्हणण्यापेक्षा ती माझ्यावर रागावलेली बरी."



दुसऱ्याच दिवशी बाईंकडे गेले. माफी मागितली, ती त्यांना ऐकू गेली नाही. मग कागदावर लिहून दिली.
त्यांनी वाचली. कागदाची घडी करून उशीखाली ठेवली.
"गा."
मी गायले. बाईंचा हात माझ्या पाठीवर होता.
"श्वास पुरतो आता तुला," म्हणाल्या.
सूर लागला की नाही, ते आम्हा दोघींपैकी फक्त मला माहीत होतं.

माफी एका कागदावर मागितली. तक्रार मात्र चारचौघांत केली होती. म्हणून आज इथेच लिहितेय.
बाईंनी हात काढून घेतला नव्हता. मी खोटं बोलले.

बाई, शेवटचा नमस्कार.