भाऊजींचा आज

माझ्या दिराला सगळं ऑफिस दिनू म्हणायचं. त्यांचं नाव काही दिनू नव्हतं. वर्तमानपत्रात रोज ‘दिनविशेष’ लिहायचे, म्हणून दिनू. आज अमका जन्मला, तमका वारला, अमक्या साली पूल वाहून गेला, असं ते पाच-सहा ओळींचं सदर आतल्या पानावर, शब्दकोड्याच्या शेजारी यायचं. लोक कोडं सोडवायचे आणि पान उलटायचे. पण भाऊजींचा थाट असा, की जणू जगाचा कारभार त्या पाच ओळींवर चाललाय.

घरी कुणी आलं की हे आधी वाढदिवस विचारणार. तो बिचारा कौतुकाने सांगणार. मग हे खूश होऊन म्हणणार, “अरे वा! त्या दिवशी ज्वालामुखी फुटला होता!” शेजारणीच्या नव्या सुनेला त्यांनी तिच्या लग्नाच्या तारखेला कुठली बोट बुडाली ते सांगितलं, तेव्हा मी कपाळावर हात मारून घेतला. म्हटलं, “भाऊजी, त्या तारखेला चांगलं काहीच झालं नाही का हो?” तर म्हणे, “झालं असेल की वहिनी, पण चांगल्याची नोंद ठेवतंय कोण?”

आमचे हे थोरले, भाऊजी मधले आणि वन्सं सगळ्यांत धाकट्या. हे आणि भाऊजी एकाच घरात, वन्सं लग्न होऊन दूर, विमानानेच यावं लागेल एवढ्या दूर. भाऊजींनी लग्न केलं नाही. मी विचारलं की म्हणायचे, “तारीखच सापडली नाही.” खरंच सापडली नसेल. त्यांना प्रत्येक तारखेत काहीतरी कोसळलेलं दिसायचं.

त्यातल्या त्यात सत्तावीस मार्चवर त्यांचा फार डोळा. चौसष्ट साली त्या दिवशी अलास्कात भूकंप झाला, मोजलेल्या भूकंपांत जगातला दुसरा सर्वांत मोठा. अडुसष्ट साली त्याच दिवशी अंतराळात गेलेला पहिला माणूस साध्या सरावाच्या विमानाच्या अपघातात वारला. आणि सत्त्याहत्तर साली, पुन्हा त्याच दिवशी, एका बेटावरच्या विमानतळावर दाट धुक्यात दोन अजस्र विमानं जमिनीवरच एकमेकांवर आदळली, जवळजवळ सहाशे माणसं गेली. हे सगळं सांगून भाऊजी आवाज खाली आणायचे. “तारखेलाही खोड असते, वहिनी.”

आमचे हे म्हणायचे, “अरे, वर्षाचे दिवस तेवढेच आणि संकटं ढीगभर. मग एकाच्या मांडीवर दुसरं बसणारच की!” भाऊजी हसायचे, पण पटायचं नाही त्यांना. त्या दिवशी ते शिडीवरसुद्धा चढायचे नाहीत.

आता त्यांच्या ऑफिसची एक गंमत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. वर्तमानपत्राच्या टेबलावर ‘आज’ म्हणजे उद्या. कारण बातमी लिहायची आज, पण लोक ती वाचणार दुसऱ्या दिवशी, अंकावर तारीखही दुसऱ्या दिवसाची. म्हणून उद्याच्या सभेला ‘आज सभा’ लिहायचं आणि आजच्या आगीला ‘काल आग’. वर्षानुवर्षं हेच करून भाऊजींच्या जिभेला तेच वळण पडलेलं. घरी येईपर्यंत उतरायचं नाही. एकदा म्हणाले, “वहिनी, आज वीज जाणार आहे.” मी लगबगीने स्वयंपाक उरकला, मेणबत्त्या काढल्या, सगळे अंधाराची वाट बघत बसलो. दिवे आपले लख्ख! दुसऱ्या दिवशी कणीक मळत असताना वीज गेली. तेव्हापासून मी त्यांना दटावून विचारायची, “तुमचा आज की आमचा आज?” घरात तो चेष्टेचा विषयच होता. वन्संना मात्र ही भानगड ठाऊक नव्हती, भाऊजींचं तारखांचं वेड तेवढं ठाऊक होतं. त्या सासरी गेल्यानंतर भाऊजी या टेबलावर बसायला लागले.

सासूबाई त्या वर्षी मार्चमध्ये दवाखान्यात होत्या. सव्वीस तारखेला सकाळी डॉक्टर म्हणाले, ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवून घ्या. आमच्या ह्यांनी लगेच वन्संना तार केली. दुपारी आम्ही दोघं दवाखान्यातच, घराला कुलूप. वन्संनी घरी फोन केला, कुणी उचलेना, म्हणून ऑफिसात लावला. भाऊजी तेव्हा सत्तावीसचा दिनविशेष लिहीत बसले होते. समोर भूकंप आणि ती दोन विमानं, आणि कानाला बहिणीचा रडवेला आवाज.

वन्सं म्हणाल्या, “दादा, तिकीट मिळालंय. आजचं विमान घेऊ ना?”

“छे छे, आजचं नको!” भाऊजी म्हणाले. “आजचा दिवस वाईट आहे. आज तू विमानात पाऊल ठेवायचं नाहीस.”

“अरे पण आई...”

“म्हणून तर सांगतोय! आजचं सोड.”

तेवढ्यात खालून छपाईवाल्याने मजकुरासाठी हाक मारली, लाइनही खरखरायला लागली, आणि फोन ठेवला गेला. भाऊजींच्या हिशेबी त्यांनी बहिणीला नीट समजावलं होतं की उद्यावर ढकलू नकोस, सत्तावीस उजाडायच्या आत इथे ये. वन्संनी ऐकलं ते असं, की आज निघू नकोस.

संध्याकाळी भाऊजी दवाखान्यात आले ते हसतमुखाने. आईच्या कानाशी वाकून म्हणाले, “निघालीय ती. जेवणवेळेला पोचेल.” सासूबाईंचे डोळे किती दिवसांनी असे उघडले! नर्सला म्हणाल्या, केस विंचरून दे गं, पोर मला अशी बघून घाबरेल. मग उशी उंच करून घेतली आणि दाराकडे तोंड करून पडल्या. बाहेर कुणाची चप्पल वाजली की विचारायच्या, “आली का?” भाऊजी दर वेळी म्हणायचे, “येईल आता.” जेवणवेळ टळली तरी वन्सं येईनात, तेव्हा त्यांनी विमानतळावर फोन केला. विमान कधीच उतरलं होतं, सगळे उतारू आपापल्या घरी गेले होते. तिला जागा मिळाली नसेल, असं आम्ही एकमेकांना म्हटलं.

सासूबाई पहाटे गेल्या. मान दाराकडेच होती.

वन्सं सत्तावीसला संध्याकाळी पोचल्या. त्यांच्या विमानाला काही म्हणजे काही झालं नाही. दारात बॅग हातात, आणि आमची तोंडं बघूनच त्यांना कळलं. त्या भाऊजींकडे वळल्या. “तू नको म्हणालास. तिकीट हातात होतं माझ्या, आणि तू तुझे ते भूकंप घेऊन बसलास!” भाऊजींनी मान खाली घालून त्यांच्या हातातली बॅग घेतली. मला वाटलं, लाज वाटली असेल. मीही मागे-पुढे न बघता तोंडसुख घेतलं, म्हटलं, त्या तारखा घाला आता चुलीत!

खरं काय ते मला त्यांनी पुढे पंधरवड्याने सांगितलं, मी भांडी पुसत होते तेव्हा. मी ताट हातात घेऊन तशीच उभी राहिले. म्हटलं, “अहो, मग सांगा की तिला! तुम्ही तर ये म्हणत होता!”

“नको वहिनी. आत्ता ती माझ्यावर रागावलीय, ते बरंय. हे कळलं तर स्वतःवर रागावेल. तुम्हीही सांगू नका.”

मी नाही सांगितलं. पण किती जड गेलं म्हणून सांगू! वन्संचा फोन यायचा, “वहिनी, सगळे बरे?” त्या ‘सगळ्यां’त भाऊजी नसायचे. ते शेजारी उभे राहून चष्मा पुसायचे, उगाच. माझं बोलणं संपलं की विचारायचे, “आवाज कसा होता तिचा?” सदरातून त्यांनी भूकंप, अपघात सगळं काढून टाकलं, नुसते वाढदिवस छापायला लागले. संपादक म्हणाले, “दिनू, जगात वाईट व्हायचं थांबलं का रे?” भाऊजी म्हणाले, “छापून तरी काय थांबलंय?” इतका हसरा, बडबड्या माणूस, पण ते हसणं गेलं ते गेलंच. मला त्यांची दया यायची आणि रागही यायचा. दोन वाक्यांचं काम, आणि हा माणूस वर्षं घालवतोय!

मग एका उन्हाळ्यात वन्सं आल्या. त्यांचेही केस पिकले होते. चहा झाला, आमचे हे बाहेर गेले, आणि वन्सं उठून सरळ भाऊजींच्या खुर्चीशेजारी जाऊन बसल्या. मी दारात उभी.

“दादा,” त्या म्हणाल्या, “मी खूप विचार केला. तू लहानपणापासूनचा भित्रा. मला काही होऊ नये म्हणूनच थांबवलंस ना? मायेनेच थांबवलंस. मी ते सोडून दिलंय रे. तूही सोड आता.”

आणि त्यांनी भाऊजींचा हात हातात घेतला. माझे डोळे भरून आले. मी लांबून भाऊजींना खुणावत होते, घ्या, नुसतं हो म्हणा आणि गप्प बसा. पण भाऊजींचा चेहरा असा झाला, जणू दुसऱ्याच्या नावाचं बक्षीस त्यांच्या हातात दिलंय.

“मी तुला थांबवलंच नव्हतं गं,” ते म्हणाले.

आणि सांगत सुटले. टेबलावरचा आज, समोरची सत्तावीस तारीख, सगळं. “मी तुला ये म्हणत होतो. त्याच दिवशी. लगेच. आईला सांगितलं होतं मी, तू निघालीस म्हणून.”

“म्हणजे आई माझी वाट बघत होती?”

भाऊजींनी मान डोलावली.

वन्सं हळूच म्हणाल्या, “मला तेव्हाच खटकलं होतं. आई एवढी आजारी, आणि हा ‘म्हणून तर सांगतोय’ असं का म्हणतो? परत फोन लावावा असं मनात आलं होतं माझ्या. आणि नाही लावला. बॅग उघडून कपडे परत कपाटात ठेवले मी.”

“अगं, चूक माझीच आहे. जीभ माझी.”

“मी तुला माफ करायला आले होते रे,” त्या म्हणाल्या आणि हात काढून घेतला. “इतकी वर्षं तुझ्यावर रागावून निभावलं. आता कुणावर रागावू?”

“माझ्यावरच रागाव गं,” भाऊजी म्हणाले. “माझ्यावरच रागाव.”

वन्सं ऐकत नव्हत्या. त्या स्वतःच्या हातांकडे बघत होत्या.