सुलूआतेचं 'टेक'

सुलूआते आज सकाळी गेली.

तिला इंग्रजीतलं एकच क्रियापद येत होतं. टेक.

देवबागला खाडीच्या बाजूला तिचं घर. दोन खोल्यांचा होमस्टे चालवायची. मी तिचा भाचा, कट्टा गावच्या शाळेत इंग्रजी शिकवतो. एकदा तिला सांगितलं, "आते, टेक म्हणजे घेणे. पण फोटो काढायचा तरी टेक, आंघोळ करायची तरी टेक. वेळ लागला तरी टेकच."

ती हसत सुटली. "त्यांका दुसरो शब्द गावाक नाय काय रे?"

मग सगळा कारभार त्या एका शब्दावर.
टेक फिश. टेक चेअर. टेक झोप.

पाहुण्यांना सगळं कळायचं.

काही वर्षांपूर्वी एलेन नावाची परदेशी पाहुणी आली. नवऱ्यासोबत येणार होती. तो त्याआधीच आजारपणात गेला, म्हणून एकटीच आली.

दिवसभर खाडीकडे बघत बसायची. ताट तसंच परत.

आते घाबरली. "ही बाय काय एक खाणा नाय रे. हिका काय झाला तर?"

त्या संध्याकाळी आते गरम पेजेची वाटी घेऊन तिच्याशेजारी वाळूत बसली. मी मागे अंगणात होतो.

पाणी आणि आभाळ एकाच रंगाचं झालं होतं. पलीकडचे माड तरंगत असल्यासारखे.

खाडी समुद्राला मिळते तिकडे बोट करून आते म्हणाली, "माय हजबंड. सी टेक."

तिचा नवरा तरुणपणी होडी घेऊन गेला, तो परत आलाच नाही. हे ती आमच्याशीही कधी बोलली नव्हती.

एलेनने वळून पाहिलं. हळूच म्हणाली, "टुक. द सी टुक हिम."

आतेला ऐकू आलं, 'तुका', म्हणजे आमच्या मालवणीत 'तुला'.

"होय गो, तुका. तुकाच हाडलंय. खा."

आणि वाटी पुढे केली.

एलेनला एक अक्षर कळलं नसणार. पण तिने वाटी घेतली. एक घोट प्यायली आणि रडायलाच लागली.

रडत रडत सगळी पेज संपवली. आते तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

त्यानंतर एलेन दरवर्षी यायची.

आज स्मशानातून आल्यावर तिला फोन केला. आते गेल्याचं सांगितलं.

ती म्हणाली, "फोन जरा पाण्याजवळ नेशील?"

मी किनाऱ्यावर गेलो. फोन हातात धरून उभा राहिलो. भरती चढत होती.



आते, शांत नीज.
आमचो सगळ्यांचो नमस्कार.