चार लूम आणि एक बहाणा

रोड आयलंड हे अमेरिकेतलं राज्य इतकं लहान, की गाडीने तासाभरात पार होतं. तिथे मी दोन वर्षं बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडतोय. लॅपटॉप, दोन बॅगा, आणि समुद्राकाठची अशी घरं, जी उन्हाळ्यात श्रीमंतांनी भरतात आणि हिवाळ्यात महिन्याच्या भाड्याने स्वस्तात मिळतात. याला डिजिटल नोमॅड म्हणतात. आईने गावात ‘फिरतीची नोकरी’ एवढंच सांगून विषय मिटवलाय. बाबाने मात्र विचारलं होतं, म्हणजे मेंढ्या नसलेला मेंढपाळ का?

ती घरं मला मानवत नाहीत. भिंतीवर अनोळखी मुलांचे फोटो, दारामागे कुणाचा तरी रेनकोट, आणि भर दुपारीही अशी शांतता, की फ्रिज थांबला तरी दचकायला होतं. दचकण्याचं कारण मला ठाऊक आहे. भिवंडीहून दिघाशीकडे जाताना आमचं गाव लागतं. तिथे घरामागच्या खोलीत बाबाचे चार पॉवरलूम होते, कापड विणणारे. त्यांच्या खडखडाटातच मी जेवलो, झोपलो, अभ्यास केला. लूमवाल्याच्या घरात आवाजाने कुणी जागं होत नाही, आवाज थांबला की होतं. लूम थांबला म्हणजे धागा तुटला. बाबा जेवत असला तरी ताटावरून उठायचा.

म्हणून मी तो आवाज फोनवर रेकॉर्ड करून नेला होता. परक्या घरात तो लावून काम करायचो. त्यात एका जागी एक लूम थांबतो, बाबाच्या चपला फोनच्या अगदी जवळून वाजत जातात, लूम पुन्हा सुरू होतो. ती जागा आली की मी हातातलं सोडून दाराकडे बघायचो. बाहेर बर्फाखेरीज काही नाही हे माहीत असूनही बघायचो. अंगावर काटा यायचा, तरी बंद करवत नसे.

हे घरी सांगायची सोय नव्हती. कारण मागच्या सुट्टीत बाबाने सरळ विचारलं होतं, की तुझं काम कुठूनही होतं म्हणतोस, मग इथूनच का करत नाहीस? मी म्हणालो, या खडखडाटात मीटिंग कशी करणार. ते खोटं होतं. चांगला हेडफोन लावला तर पलीकडच्याला लूमचा पत्ताही लागत नाही. मला गावात राहायचं नव्हतं, एवढंच, आणि तोंडावर सांगायची हिंमत नव्हती. लूम आयतेच सापडले.

बाबाने ते खरं धरलं.

या वेळी घरात पाऊल टाकलं आणि कानात दडे बसल्यासारखं झालं. चारही लूम भंगारवाल्याने नेले होते. खोलीला पांढरा रंग, नवं टेबल, एसी. लूमच्या पायांचे खड्डे सिमेंटने बुजवले होते, पण त्यातून जुनं तेल वर आलं होतं. बाबा सवयीने ओरडूनच बोलला, “आता आवाज न्हाय. तुजा काम आता हितून होल ना?”

होईल, म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो?

तिकडची सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ. रोज सातच्या सुमारास मी त्या खोलीत बसायचो आणि बाबा दाराबाहेर खुर्ची टाकून. तो कुत्र्यांना हाकलायचा, आईला कुकर लावू द्यायचा नाही. आत मला काम सुचत नसे. फरशी थरथरत नाही, हे पाय विसरू देत नव्हते. कधी कधी मागून कुणी तरी लूममधून वाट काढत येतंय असं इतकं स्पष्ट वाटायचं, की मी खुर्ची सरकवून जागा द्यायचो.

एका संध्याकाळी माझं बोलून झालं. मी माईक बंद करून गप्प ऐकत बसलो. लगेच दार उघडलं. बाबा आत आला, माझ्याकडे बघितलं, मग वाकून टेबलाखालच्या वायरी बघायला लागला. काय झालं, मी विचारलं.

“तू थांबलास,” तो म्हणाला. “म्हून उठलो.”

मीटिंग तशीच सोडली आणि सगळं सांगून टाकलं. परतीचं तिकीट काढूनच आलोय. आवाजाची अडचण तेव्हाही नव्हती. तिकडे काम सुचावं म्हणून मी याच लूमचा आवाज लावतो. बाबाने टेबलाला धरून ऐकून घेतलं. चिडला असता तर बरं झालं असतं.

“मंग लूम कशाला इकाला लावलंस?”

इतक्या हळू आवाजात बोलताना मी त्याला कधीच ऐकलं नव्हतं.